शिसमाची चोवीस पानं

जयवंता गेल्याचं शेषरावला कळलं तेव्हा तो अकोल्यात होता. नेहमी त्याची दारं दाबून देणाऱ्या कुंदनच्या हॉट प्रेससमोर, हातात प्लायवूडचा तुकडा धरून उभा होता. सकाळचे साडेदहा झाले होते. मशीनच्या दोन लोखंडी पाट्या किती तापतात, विनियरचं पान त्यात किती मिनिटं दाबून ठेवायचं, हे कुंदन सांगत होता आणि शेषराव तो तुकडा उलटापालटा करून पाहत होता. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा, वर्षालीचा.

"बाबा, कुठं आहा तुमी?"

"अकोल्याले. तुह्या मायनंच त पाठवलं. काहून?"

"बाबा, आई नाही राहिली."

"कोणाची?" शेषरावने विचारलं.

एवढा खुळा प्रश्न त्याने आयुष्यात दुसरा विचारला नसेल. पलीकडून पोरगी नुसती रडत होती. कुंदनने त्याच्या हातातून फोन घेतला, ऐकलं, मशीन बंद केलं आणि गाडीची किल्ली उचलली. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा कुंदन हळूच म्हणाला, "काका, तो तुकडा खाली ठेवा आता." तेव्हा शेषरावला कळलं की तो अजून हातातच आहे.

ओट्यावर मेथी निवडता निवडता जयवंता बसल्या जागी कलंडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चोपन्न वर्षांची होती. ना ताप, ना खोकला. त्या सकाळी तिनेच शेषरावला अकोल्याला पिटाळलं होतं. "जाय, मशीनचा दिवस ठरवून ये. नाही त हे कपाट होते आन् मी म्हातारी होतो," असं म्हणून.

हे कपाट म्हणजे तिचं स्वतःचं कपाट. शेषराव अंजनगाव सुर्जीच्या माळ्याचा पोरगा. भावांनी केळी लावली, वांगी लावली, आणि हा रंधा धरून अमरावतीला आला. भाऊबंद टोमणा मारत, "खुरपं सोडलं, आता लाकडाले पाणी घाल म्हणा." पण हात चांगला होता. तीस वर्षांत त्याने किती घरांतले पलंग, दिवाण, देव्हारे केले त्याची गणती नाही. आणि त्याच्या स्वतःच्या घरात? लग्नात आलेलं लोखंडी कपाट, एक दार न लागणारं. जयवंता ते दार गुडघ्याने ढकलून लावायची आणि आल्यागेल्याला ऐकवायची, "हे पाहा आमच्या मिस्त्रीचं काम!"

शेषरावचा हात सांध्यात होता. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत असं बसवायचा की मधे ब्लेड जाऊ नये. पण लाकडाची नक्षी जुळवायची म्हटलं की त्याचं डोकं चालत नसे. ते काम जयवंताचं. तिच्या माहेरी नागवेलीचा मळा होता. लहानपणापासून ती पानं निवडायची, आकाराला आकार, रंगाला रंग लावून गड्ड्या बांधायची. लग्नानंतर तीच नजर तिने विनियरला लावली. विनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ काप. त्यालाही कारखान्यात पानच म्हणतात. एकामागोमाग कापलेली दोन पानं वहीसारखी उघडून शेजारी लावली की नक्षी आरशात पाहिल्यासारखी जुळते. क्रम चुकला, मधलं एक जरी हुकलं, तर दोन्ही बाजू तिरळ्या दिसतात. गिऱ्हाईक घरी आलं की जयवंता शेडमध्ये येऊन दोन पानं उचलायची, "हे आन् हे," म्हणायची आणि परत स्वयंपाकाला जायची. शेषराव बघत राहायचा. तिला कसं दिसतं ते त्याला कधी कळलं नाही, आणि विचारायची गरजही कधी पडली नाही.

झाड शेषरावच्या मोठ्या बहिणीचं होतं. पार्बताबाई बाळापूरला असते, शेती तिकडेच आहे. तिच्या धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, जुनं शिसम मागच्या वर्षीच्या वावधानात उन्मळून पडलं. परवानगीचे कागद झाले, आरा मशीनवाल्याने खोड घेतलं आणि दोन फांद्या जिथे फुटतात ते बेचकं बाजूला टाकलं. "वाकडं हाय. जळाऊत जाईन," म्हणाला. जयवंता तिथे होती. ती त्या बेचक्यावर बसलीच.

"हे मी नेतो घरी."

"वयनी, याचं काय करसान?"

"चहा करीन. तुले कायले पंचाईत?"

बेचकं अकोल्याच्या एमआयडीसीत गेलं. तिथे एका कारखान्यात ते दोन दिवस गरम पाण्यात शिजलं आणि मग पात्याखाली गेलं. पहिली चार-दोन पानं फेकायची निघाली. पाचव्याला पात्याजवळचा कामगारच ओरडला. काळ्या-तांबड्या शिसमात मधोमध एक पीस उमटलं होतं. खालून देठ, वर दोन्हीकडे पसरत गेलेल्या बारीक रेघा. मोर पिसारा उभारायच्या आधी शेपटी फुगवतो ना, तसं. अशी चोवीस पानं निघाली. एकेक पान दोन फूट लांब. चार दारं, एका दाराला तीन ओळी, एका ओळीत दोन पानं. बरोबर चोवीस. एकही जास्त नाही. जयवंताने तिथेच पालथं पान ठेवून कोपऱ्यात खडूने आकडे घातले. काळ्या लाकडावर पेन्सिल दिसत नाही म्हणून खडू. गड्डी घरी आली आणि पलंगाखाली सरकवली गेली.

मग ती गेली.

तेरवी रविवारी झाली. मंगळवारी सकाळी शेषराव पहिल्यांदा त्या गड्डीसाठी पलंगाखाली वाकला आणि तिथे काही नव्हतं. फरशी स्वच्छ पुसलेली. तो शेडमध्ये गेला, तिथे नाही. गच्चीवर गेला.

गच्चीभर शिसमाची पानं पसरली होती. प्रत्येकावर एकेक विटेचा तुकडा. मार्चचं ऊन तापायला लागलं होतं आणि पानांच्या कडा पापडासारख्या उचलत होत्या. मधे पार्बताबाई उभी होती, पदर खोचून.

"बाई, हे कोणं केलं?"

"कोणं म्हणजे? मीनं. सुतक फिटलं, सारं घर धुतलं, गोधड्या धुतल्या, भांडे घासले. आन् हे पलंगाखाली धूळ खात पडले होते. सारे खडूनं रेघोट्या मारलेले. काल दोन पाण्यानं पुसले अन् वाळवले, आज पुन्हा मांडले. पाह्य कसे लखलख करून राहिले!"

शेषरावने एक पान उलटलं. मग दुसरं. मग धावत जाऊन गच्चीच्या टोकाचं. सगळीच कोरी.

"बाई, ते आकडे होते."

"कायचे आकडे?"

"जयवंतानं घातले होते. कोणतं पान कोणाच्या बाजूले लागते त्याचे."

पार्बताबाईचा हात तोंडावर गेला. सत्तरीला आलेली बाई, घरावर दुःख आलं की सगळ्यांत आधी येणारी आणि सगळ्यांत शेवटी जाणारी. तिला काय बोलणार? सुतकाचं घर कोणी पुसतं म्हणून कोणी रागावतं का? शेषराव विटेवर बसला.

खिशात फोन वाजला. कुंदन. "काका, आता विचारू नये, पण सांगनं भाग हाय. मशीनच्या पाट्या वाकून राहिल्या. शुक्रवारी इंदूरले पाठवून राहिलो, दोन महिने काही येत नाही. तुमाले करायचं असन त परवा गुरुवारी दहा वाजता आना. नाही त मग जूनमंधी."

जून! शेषरावने पानांकडे पाहिलं. एका दिवसाच्या उन्हात ही गत. एप्रिल-मेच्या अमरावतीत ही पानं टिकत नसतात. बेचक्याचं लाकूड मुळातच आडमुठं, धागे चार दिशांना. उकलून चिंधड्या होतील. हाताने दाबून ते बसत नाही, त्याला मशीनच पाहिजे.

"गुरुवारी येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्याला वाटलं, कशाच्या जोरावर म्हणालो?

वर्षाली वर आली. ती एका दवाखान्यात सीटी स्कॅनच्या मशीनवर टेक्निशियन आहे, आईच्या दिवसांसाठी रजेवर आलेली. तिने सगळं ऐकलं. आत्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "उठा. आधी सावलीत घेऊ."

मंगळवार सगळा शेषरावने वाया घालवला. त्याने बैठकीतली सतरंजी उचलली, पानं फरशीवर लावली आणि रंगावरून क्रम ठरवायला बसला. बाहेरचं लाकूड फिकं, आतलं गडद, हे त्याला माहीत होतं. दुपारी एक वाजेपर्यंत त्याने चोख रांग लावली, फिक्यापासून गडदापर्यंत. पहिली दोन पानं वहीसारखी उघडली. एक पीस उजवीकडे झुकलेलं, दुसरं भलतीकडेच. पुढची दोन. तीच गत.

"जुळून नाही राहिलं," तो पुटपुटला.

पार्बताबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. ती खाकरली. "शेषू, एक सांगू? रागावू नको."

"सांग."

"काल दुपारी मले ऊन लागून राहिलं होतं म्हून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीले बसली. तवा माह्यापाशचे दहा-बारा सावलीत घेतले. बाकीचे उन्हातच होते."

म्हणजे फिकी पानं बाहेरची नव्हती, फक्त जास्त उन्हात राहिलेली होती. शेषरावने कपाळावर हात मारला आणि त्याला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. पार्बताबाई त्याच्याकडे घाबरून पाहायला लागली. तिला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला.

"बाई, तू टाकीच्या सावलीत बसून माह्या सुतारकीची परीक्षा घेतली."

"मले काय मालूम बापा, लाकडालेही ऊन लागते म्हून!"

बुधवारी सकाळी वर्षाली पानांमधून मांजरीसारखी पावलं टाकत फिरली. मग म्हणाली, "बाबा, रंग सोडा. आमच्याकडं माणसाच्या डोक्याचे असेच काप येतात, एकावर एक. आमी रंग नाही पाहत. एखादी वस्तू धरतो. इथं दिसली, पुढच्या कापात थोडी लहान झाली, त्याच्या पुढच्यात आणखी लहान, अशी ती कुठं सुरू झाली आन् कुठं संपली. या झाडात अशी एखादी वस्तू पाहिजे."

"पीसच हाय की."

"पीस सगळ्यात आहे, सारखंच आहे. दुसरं काही. बारीक."

शेषराव गुडघ्यांवर आला. डोळे पानाला लावले. कोरड्या लाकडावर सगळं धूसर दिसत होतं. मग त्याला आपलाच रोजचा धंदा आठवला. पॉलिश मारल्यावर लाकूड कसं दिसेल ते गिऱ्हाइकाला दाखवायचं तर काय करतो आपण? ओलं फडकं फिरवतो.

"बाई, फडकं आन. ओलं कर."

"मी नाही लावत बापा हात त्या फडक्याले!"

"आन वं, पिळून आन."

त्याने पहिल्या पानावरून फडकं फिरवलं, आणि लाकूड जागं झालं. जांभळं, तांबडं, काळं, सगळे रंग आतून वर आले. पीस फरशीवरून उठून उभं राहिल्यासारखं झालं. आणि पिसाच्या डाव्या अंगाला, वितीच्या अंतरावर, शाई सांडल्यासारखा निळाकाळा डाग.

"हे काय?" वर्षाली खाली वाकली. "बाबा, हे दुसऱ्या पानातही आहे का?"

दुसऱ्यावर फडकं. डाग होता, पण लहान. तिसऱ्यावर डाग मोठा, भाकरीएवढा. चौथ्यावर नव्हताच.

"लोखंडाचा डाग हाय," शेषराव म्हणाला. "शिसमाले लोखंड लागलं की असंच काळं पडते. पण झाडात लोखंड कुठून आलं?"

पार्बताबाई तांदळाचं ताट खाली ठेवून उभी राहिली होती. ती चष्मा नाकावर ढकलत आली, डागाजवळ फरशीवर बसली आणि त्यावर बोट ठेवलं.

"हा त माहा खिळा!"

"तुहा?"

"माहाच! गाडीचा खिळा होता, एवढा लांब. लग्न होऊन आली त्या साली कुत्र्यानं माही शिदोरी खाल्ली धुऱ्यावर. मग मी दगड घेतला आन् बेचक्याच्या बाजूले ठोकला हा खिळा. पन्नास वर्षं त्याच्यावर भाकरी टांगली. आरा मशीनवाल्यानं काढला तवा जयवंता मले म्हणे, बाई, तुमची खुंटी निघाली."

"आत्या, सरळ ठोकला होता की तिरपा?" वर्षालीने विचारलं.

"सरळ. मी काय मिस्त्रीची बहीण नाही?"

वर्षालीने टाळी वाजवली. "मग झालं! बाहेरून आत गेला. बाहेर डाग मोठा, आत जाता जाता लहान, आन् खिळ्याचं टोक आलं की खलास!"

मग त्या बैठकीत जे सुरू झालं ते शेजारच्यांनाही ऐकू गेलं असेल. शेषराव फडकं फिरवायचा, वर्षाली डागावर पट्टी धरायची आणि माप ओरडायची, पार्बताबाई पान उचलून रांगेत न्यायची. "हे त्याच्या आधी!" "नाही वं आत्या, नंतर!" "अवं, पाहून त घे, डोळे फुटले का तुहे?" भाकरीएवढा, मग पुरीएवढा, मग आठाण्याएवढा, मग मसुराच्या दाण्याएवढा. तेरा पानं रांगेत लागली. तेराव्यावर डाग टाचणीच्या टोकाएवढा होता.

शेषरावने पहिली दोन पानं उचलली, वहीसारखी उघडली आणि कडेला कड लावली.

पिसं मिळाली. एकाची रेघ दुसऱ्यात गेली. डावा डाग, उजवा डाग, सारख्या उंचीवर. मधली कड कुठे आहे ते बोटाने चाचपल्याशिवाय कळत नव्हतं.

"जमलं!" तो ओरडला. "वर्षाली, जमलं! बाई, हे पाह्य!"

"पाहून राहिली न! मोरच हाय बापा, जिता मोर!"

त्याने तिसरं-चौथं उघडलं. पाचवं-सहावं. आता त्याला थांबवत नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस फरशीवर रांगत होता, पँटचे गुडघे ओले झाले होते, आणि तो दर जोडीला "हे आन् हे, हे आन् हे" म्हणत होता. हे शब्द कोणाचे ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो एक क्षण थांबला. मग सातव्याला आठवं लावलं.

उरलेल्या पानांत डाग नव्हता. पण आता शेषरावची नजर बसली होती. पोरीच्या आधी त्यालाच दिसलं. पिसाच्या वरच्या टोकाशी एक बारीक डोळा होता, आत दबलेल्या एखाद्या डिरीची, कोंबाची गाठ. तेराव्या पानात तो तिळाएवढा होता. डाग जिथे संपत होता तिथे हा सुरू होत होता. पुढे तो वाढत आणि खाली सरकत होता. प्रत्येक पानाला गव्हाच्या दाण्याएवढा खाली.

चौदा, पंधरा, सोळा. पार्बताबाईने स्वयंपाकघरातून भाकरी आणि ठेचा आणून शेषरावच्या हातावर ठेवला. त्याने उभ्याउभ्या दोन भाकरी खाल्ल्या आणि आपण खाल्लं हे त्याला कळलंही नाही. जयवंता गेल्यापासून तो नीट जेवलाच नव्हता. पार्बताबाईने तिसरी आणून दिली.

सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस.

एकविसाच्या पुढचं पान त्याने शेजारी उघडलं आणि हात तसाच राहिला.

"काय झालं?"

"डोळा उडी मारून राहिला."

वर्षालीने पट्टी लावली. आधीच्या प्रत्येक पानात डोळा एक दाणा सरकत होता. इथे दोन दाणे. पिसाच्या रेघा जवळपास मिळत होत्या, पण जवळपासच. मधे केसाएवढी पायरी. कोण्या गिऱ्हाइकाने मान डोलावली असती. शेषरावला आता ती पायरी खड्ड्याएवढी दिसत होती.

"मोजा," वर्षाली म्हणाली.

मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. पलंगाखाली पाहिलं, गच्चीवर पाहिलं, टाकीमागे पाहिलं, शेडमध्ये पाहिलं. बाविसावं पान नव्हतं.

"आत्या, तुमी पुसली तेव्हा किती होती?"

पार्बताबाईने ताट उचललं, पुन्हा ठेवलं. मग भिंतीला टेकून बसली.

"शेषू, मी एक सांगतो. मंग तू मले काहीही म्हण."

"बोल बाई."

"जयवंता पडली तिथंच दिवा ठेवायचा होता. पिठावर. आत्मा कोणत्या रूपानं जाते ते पिठावर उमटते, तुले मालूम हाय. खाली सपाट काही पाहिजे होतं. पाट शोधला. या घरात पाट नाही रे बापा! मिस्त्रीचं घर आन् एक पाट नाही. मंग पलंगाखाली ती गड्डी दिसली. वरचं लय सुंदर होतं म्हून ते नाही घेतलं. खालच्या अंगानं एक ओढलं. मले वाटलं, पुठ्ठ्यासारखं हाय, एवढ्यातून एक गेलं त काय होते. त्याच्यावर पीठ पसरलं, दिवा ठेवला, टोपली झाकली."

"मग ते कुठी हाय?"

"दहाव्याले सारं फडक्यात बांधून तुह्याच हाती दिलं. पीठ, पान, सारं. कौंडण्यपूरले."

शेषरावला आठवलं. वर्धा नदीच्या पाण्यात गुडघाभर उभा होता. अस्थींचं मडकं सोडलं, मग कोणीतरी एक गाठोडं हातात दिलं, तेही सोडलं. हातांना एक कडक कड लागली होती. काय आहे ते त्याने पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो काहीच पाहत नव्हता.

"मीच सोडलं त मंग," तो म्हणाला.

पार्बताबाई रडायला लागली. वर्षाली तिच्याजवळ बसली. शेषरावने एकवीस नंबरचं पान उचलून बाजूला ठेवलं. मग त्याने विचारलं, "पाऊल कोणाचं उमटलं होतं?"

"चिमणीचं. मी तवाच सांगतलं तुले. तू ऐकूनच नव्हता राहिला."

"चिमणीचं," शेषराव म्हणाला. मग उठला. "चला, कागदी टेप आना. एकापासून अठरापर्यंत जोडायला घेऊ. उद्या दहाले पोचायचं हाय."

गुरुवारी सकाळी साडेसहालाच टेम्पो निघाला. मागे तीन दारांच्या प्लाय आणि दोन फळ्यांमधे बांधलेली पानं, पुढे शेषराव आणि वर्षाली. पार्बताबाई घरी थांबणार होती, पण टेम्पो सुरू झाल्यावर तीही पिशवी घेऊन आली. "मले बाळापूरले जायाचंच हाय. अकोल्यावरून जाईन," म्हणाली आणि चढून बसली. बोरगाव मंजू आलं. मग पार्बताबाईने ड्रायव्हरला विचारलं, "तुह्या घरी पाट हाय का रे?" वर्षालीला इतकं हसू आलं की तिने ओढणी तोंडात कोंबली.

कुंदनने मशीन तापवून ठेवलं होतं. प्लायला डिंकाचा हात दिला, त्यावर जोडलेली पानं, त्यावर कागद, आणि वरची पाटी खाली आली. मशीन कण्हलं. कुंदनने घड्याळ लावलं. बेचक्याचं पान दाबताना कधी फुगतं, कधी मधोमध चिरतं, आणि मशीन उघडेपर्यंत काही कळत नाही. शेषरावने आयुष्यात शेकडो दारं दाबली होती. पण आज तो घड्याळावरून नजर हलवत नव्हता.

घड्याळ वाजलं. पाटी वर गेली. वाफेचा आणि शिसमाचा गोडसर वास आला.

शेषरावने कागद ओढला. सहा पानं, एकावर एक तीन ओळी, तळापासून वरपर्यंत पिसारा. एकही चीर नाही.

कुंदनने शिट्टी वाजवली. "काका, हे दार हाय का काय हाय! असं मी अकोल्यात पाहिलं नाही."

"खिळा पाह्य," पार्बताबाई पुढे आली. "हा डाग. माह्या खिळ्याचा हाय. पन्नास वर्षाचा."

दुसरं दार निघालं. तिसरं निघालं. तिसऱ्यात डाग टाचणीपुरताच होता, बाकी डोळा होता, ओळीओळीने खाली उतरत आलेला. तिघं तिन्ही दारं उभी करून समोर उभे राहिले. बाजूच्या दुकानातले दोघं-चौघं बघायला आले. एकाने विचारलं, "कोण्या बंगल्याचं?" शेषराव म्हणाला, "घरचं हाय. माह्या बायकोचं."

मग कुंदनने हात पुसले. "चौथं आना. मशीन गरम हाय, उद्या जाते."

शेषरावने त्याला सांगितलं.

"बस, एवढंच? काका, माह्यापाशी दुसऱ्या शिसमाचं पान हाय. रंग मिळवून देतो. मधल्या ओळीत कोण पाहते? पॉलिश झाल्यावर कोणाच्या बापाले समजत नाही."

"मले समजते," शेषराव म्हणाला.

"तुमाले त पयले समजत नव्हतं. काकूच निवडून देत."

"आता समजते."

कुंदनने वर्षालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तो मुकाट्याने मशीन बंद करायला गेला.

तिन्ही दारं त्या आठवड्यात कपाटाच्या तयार सांगाड्याला लागली. बिजागऱ्या बसल्या, पॉलिशचे चार हात झाले. तीनही दारं एका बोटाने लागतात. चौथ्या जागी नुसती चौकट आहे. एकोणीस, वीस, एकवीस, तेवीस आणि चोवीस ही पाच पानं दोन फळ्यांमधे घट्ट बांधून शेडमध्ये, उन्हापासून लांब ठेवली आहेत. त्या प्रत्येकावर शेषरावने आकडा घातला आहे. एकविसाच्या शेजारी काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही. मशीन इंदूरहून परत आलं आहे. चौथं दार अजून झालेलं नाही.